चोपन्न माशांची मापं आणि एक जाळं

उत्तर कोकणातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या तरुण संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीची किमान मापं ठरवली. आता कुणी म्हणतं, युरोपसारखा जातवार कोटाही लावा. शिवाय दर कार्यशाळेत 'परिसंस्था' आणि 'बहुप्रजाती व्यवस्थापन' हे शब्द कानावर पडतात. एका पापलेटचा हिशोब धड लागत नाही, तिथे अख्ख्या समुद्राचा कसा लागणार? विचारणाऱ्यांच्या घरी डोल (एका जागी बांधून ठेवायचं जाळं) आहे, भाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. त्यामुळे त्यांना व्याख्या नकोत, सोसायटीने काय करायचं ते हवंय.

मासळीच्या साठ्यांचे हिशोब मांडणं हेच माझं काम असल्यामुळे सांगतो, शंका रास्त आहे, फक्त उलट्या टोकाने धरली आहे. आपल्या किनाऱ्यावर अवघड आहे तो एकेका माशाचा वेगळा हिशोब. नॉर्वेच्या थंड समुद्रात मोजक्या जातींवर सगळा धंदा उभा असतो. आपल्याकडे ट्रॉलची, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याची, एक ओढ डेकवर रिकामी केली की तीस-चाळीस जाती सहज निघतात, आणि त्यातली प्रत्येक जात वेगळ्या वयात, वेगळ्या महिन्यात वीण करते. तुम्ही घाबरताय तो सगळ्यांचा मिळून हिशोब त्या मानाने आवाक्यातला आहे. कारण त्यात मोजायची असतात ती जाळी, जागा आणि दिवस. मासे मोजावे लागतात, पण ते निर्णय तपासायला.

तुमच्या घरच्या डोलीपासूनच सुरू करू. डोल माशाच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून ती बांधलेली असते, पाणी आत येतं, पाण्याबरोबर जे असेल ते येतं, आणि शेवटच्या खोळ्यात साठतं. जवळा दोन-तीन सेंटिमीटरचा. तो धरायचा म्हणजे खोळ्याचा आस, म्हणजे जाळीचं भोक, अगदी बारीक हवं. पण आस बारीक झाला की त्यातून बोंबलाचं पिल्लू निसटत नाही, मांदेलीचं निसटत नाही, कोळंबीचं नाही, आणि नखाएवढं पापलेटही नाही. उधाणाच्या दिवसांत खोळा उघडताना नीट बघा. वरवर गुलाबी-पांढरा जवळ्याचा ढीग दिसतो, हाताने पसरला की त्यात रुपेरी टिकल्या चमकतात. त्या बहुतेक वेळा पापलेटच्या किंवा मांदेलीच्या असतात. टोपलीत त्यांना भाव नाही. जवळ्याबरोबर वाळतात किंवा खतात जातात.

आता यावर 135 मिलिमीटरचा नियम लावून पाहा. महाराष्ट्रात रुपेरी पापलेटसाठी ही किमान लांबी आहे. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण तो लागू होतो लिलावाच्या ओट्यावर, म्हणजे मासा मेल्यावर. डोलीच्या खोळ्यात तासन्‌तास दाबला गेलेला पापलेटचा जीव समुद्रात परत टाकून जगत नाही. नियम पाळला म्हणून तो विकला जात नाही एवढंच. त्यातही 135 मिलिमीटरचं पापलेट अजून अंडी घालण्याच्या वयात आलेलं नसतं, ते वय यायला आणखी बरंच वाढावं लागतं. म्हणजे ही मर्यादा मुळातच तडजोडीची आहे. तिचा खरा उपयोग दुसरीकडे होतो: छोट्या मालाला गिऱ्हाईक राहिलं नाही, की मोठ्या आसाचं जाळं वापरायला मालक तयार होतो. बाजार बंद झाला तर जाळं बदलतं, या आशेवर तो नियम उभा आहे. फिशमीलचा (मासळीची भुकटी करणारा) कारखाना बारीक मिसळ मासळी किलोवर घेत राहिला, तर ती आशा तिथेच संपते.

मग जाळंच बदलू, असं तुम्ही म्हणाल. इथे खरी गंमत सुरू होते.

ट्रॉलच्या खोळ्याचा नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा तिरका असतो. जाळं ओढायला लागलं आणि मागे वजन साठलं की ताणाने तो आस मिटतो. कागदावर आस कितीही मोठा असो, पाण्याखाली फट उरत नाही. तोच आस चौकोनी बांधला तर ताण त्याच्या दोन बाजूंवर जातो आणि भोक उघडं राहतं. म्हणून कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा खोळा वर्षानुवर्षं सुचवला आहे. खर्च फार नाही, जाळ्याचा शेवटचा तुकडाच बदलायचा. त्यातून राणी माशाची, ढोम्याची पिल्लं चांगल्यापैकी सुटतात. पण वाकटी म्हणजे लांब पट्टी, ती शेपटाकडून सुळकन निघून जाते, विकण्याजोगी मोठी असली तरी जाते. लहान कोळंबी जाते. माकूल मऊ, तोही बराच जातो. उलट पापलेट रुंद आणि चपटं, त्याचं पिल्लू जिथे अडकायला नको तिथे अडकतं. 54 जातींची 54 मापं एका आसात बसत नाहीत, बसणारही नाहीत. कुठलाही आस निवडा, तुम्ही काही जातींना वाचवता, काहींचा धंदा सोडता आणि काहींना तसंच मरू देता.

बहुप्रजाती व्यवस्थापनाचा गाभा मला विचाराल तर हा आहे. कुणाचं नुकसान सोसायचं, ते उघडपणे ठरवायचं. आज ते ठरलेलंच आहे, फक्त कुणी बोलून ठरवलेलं नाही. कोळंबीला परदेशात भाव होता म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत आस कोळंबीच्या मापाने बांधला गेला, आणि बाकी सगळ्यांनी त्याची किंमत भरली. मुंबईसमोरच्या वाळूतली चपटी शेवंड त्यातच गेली. कोळंबीबरोबर फुकटची म्हणून ती येत होती, चांगला भाव मिळवत होती. तिची मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते, ट्रॉल तळ घासत जातो, अंड्यांसकट उचलतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या बंदरांवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. तिच्यासाठी कुणी वेगळा नियम केला नव्हता, कारण ती कुणाचं लक्ष्यच नव्हती.

जातवार कोट्याचंही असंच आहे. युरोपने मिश्र मासेमारीत कोटे लावले. आधी लोक कोट्याबाहेरचा मासा मेलेला समुद्रात फेकत, म्हणून 2015 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2019 पासून पूर्णपणे, धरलेला सगळा माल बंदरात आणण्याची सक्ती झाली. झालं काय, की ज्या जातीचा कोटा सर्वांत लहान, ती संपली की बोट बांधून ठेवायची वेळ, मग बाकी दहा जाती कितीही असोत. तिथे बोटीवर कॅमेरे बसवता येतात, बंदरं मोजकी आहेत, आणि तरीही चोरून फेकणं थांबलेलं नाही. आपल्याकडे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती ठिकाणी मासळी उतरते ते तुम्हीच मोजा. जातवार कोटा मी आपल्याकडे सुचवणार नाही. सुरमईसारख्या, वेगळ्या जाळ्याने वेगळी धरल्या जाणाऱ्या एखाद्या जातीपुरता विचार करता येईल, बाकी नाही.

आता 'कोण कुणाला खातं' हा दुसरा भाग. कार्यशाळेत याच्या बाणांच्या आकृत्या दाखवतात आणि तुमचे डोळे मिटतात, मला ठाऊक आहे. तेव्हा आकृती सोडा, एक बोंबील घ्या आणि पोट चिरा. बोंबलाचा जबडा त्याच्या देहाच्या मानाने केवढा, दात केवढे, ते तुमच्या घरच्या बायकांना साफ करताना रोज दिसतं. पोटात जवळा निघेल, त्याचे काळे डोळे ठिपक्यांसारखे वेगळे दिसतात, बाकी लगदा झालेला असतो. मोठा बोंबील असेल तर मांदेली निघेल, आणि पुष्कळदा लहान बोंबीलच निघेल. बोंबील आपलीच पिल्लं खातो. तरुण वाकटी जवळा खाते, मोठी झाली की मासे खाते. ढोमा जवळा खातो. जवळ्यावर आपल्याशिवाय इतके जण जेवतात, आणि आपली डोल त्या सगळ्यांच्या ताटातून उचलते.

हे पोटातलं सामान शास्त्रात कसं शिरलं, त्याची एक गोष्ट मला आवडते. उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी 1981 मध्ये वर्षभर हजारो माशांची पोटं चिरली. कॉडच्या, व्हायटिंगच्या, सगळ्यांच्या. त्या वर्षाला गमतीने 'पोटांचं वर्ष' म्हणतात. त्यातून निघालं असं, की लहान माशांमध्ये मरणारे बहुतेक आपल्या जाळ्यात मरतच नाहीत, दुसऱ्या माशांच्या पोटात मरतात. आणि एका जातीचा हिशोब करताना 'नैसर्गिक मृत्यू' म्हणून जो ठरावीक आकडा डोळे झाकून धरत असत, तो ठरावीक नाही. खाणारे वाढले की तो वाढतो. कॉड राखून वाढवला तर हेरिंग आणि व्हायटिंगची पिल्लं कमी होतात, दोन्ही एकाच वेळी कमाल मिळत नाहीत.

त्यातून धंद्याचा नियम कसा बनतो, ते पाहायचं तर बॅरेंट्स समुद्र. नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला. तिथे कॅपेलिन नावाचा जेमतेम वीतभर लांबीचा मासा आहे, आपल्या पेडव्यासारखा तेलकट, थव्याने फिरणारा. कॉड त्याच्यावर जगतो, सील, व्हेल, पक्षीही. ऐंशीच्या दशकात कॅपेलिनचा कारखान्यांसाठी जोरात उपसा चालू होता. 1983 साली हेरिंगची वीण अफाट झाली, ती तरुण हेरिंग बॅरेंट्समध्ये शिरली आणि कॅपेलिनची नुकती फुटलेली पिल्लं खाऊ लागली. वरून कॉड मोठ्या कॅपेलिनला खात होता. बाजूने ट्रॉल आणि पर्ससीन (अख्खा थवा वेढणारं जाळं). 1986 पर्यंत कॅपेलिन कोसळला. मग कॉड बारीक झाला, आपल्याच पिल्लांवर तुटून पडला. बेअर आयलंडवरचे गिलेमॉट पक्षी एका हिवाळ्यात बहुसंख्येने मेले. भुकेले हार्प सील 1987 मध्ये हजारोंनी नॉर्वेच्या किनाऱ्याला येऊन मच्छीमारांच्या जाळ्यांत बुडाले. कॅपेलिनचा कोटा ठरवणाऱ्यांनी यातलं काही मोजलंच नव्हतं.

नव्वदच्या दशकापासून त्यांनी हिशोबाचा क्रम उलटा केला. शरद ऋतूत सोनार यंत्र (आवाजाच्या लहरींनी मासा शोधणारं) लावून कॅपेलिन मोजतात. मग वीण होईपर्यंतच्या महिन्यांत कॉड त्यातला किती खाईल ते आधी वजा करतात. त्यानंतर 2 लाख टन कॅपेलिन अंडी घालायला पोचेल याची 95 टक्के खात्री असेल, तरच उरलेला भाग माणसाला. खात्री नसेल तर त्या वर्षी कोटा शून्य, आणि अशी शून्याची वर्षं त्यांनी खरोखर पाळली आहेत. खाणाऱ्याचा वाटा आधी काढायचा, हे वाक्य भाषणात सगळेच म्हणतात. तिथे ते बेरीज-वजाबाकीत लिहिलेलं आहे.

पण त्याच समुद्राचा दुसरा धडा कुणी सांगत नाही. कॅपेलिन नव्वदच्या दशकात पुन्हा कोसळला, 2003 च्या सुमारास तिसऱ्यांदा कोसळला. त्या दोन्ही वेळी कॉडचे, पक्ष्यांचे हाल पहिल्यासारखे झाले नाहीत. कारण त्या वेळी खायला दुसरं काही होतं. तेव्हा 'अमुक संपला की तमुक संपणार' अशी सरळ साखळी कुणी तुम्हाला विकू लागला, तर सावध राहा. जाळ्यात अनेक धागे असतील तर एक तुटून भागतं. धागे किती उरलेत हे महत्त्वाचं.

आपल्याकडे परत येऊ. जवळा म्हणजे आपला कॅपेलिन, असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणत नाही. जवळा काही महिनेच जगतो आणि झपाट्याने वाढतो, त्याला कोटा लावून फार साधणार नाही. मला जवळ्याच्या टनांपेक्षा जवळ्याच्या खोळ्यातल्या पिल्लांची काळजी जास्त आहे. आणि त्याहून जास्त वरच्या टोकाच्या माशांची. घोळ, दाढा, रावस, वाम, मोठा शिंगाळा, मुशी. हे मासे उशिरा वयात येतात आणि वर्षानुवर्षं जगतात. तुमच्या आजोबांच्या बोलण्यात ते रोजचे होते. 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला घोळीचा थवा लागला आणि माल सव्वा कोटीच्या वर गेला, तेव्हा तो वर्तमानपत्राचा मथळा झाला. घोळीच्या बोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) परदेशात भाव आहे हे खरं, पण एक थवा मथळा होतो तेव्हा तो मासा किती उरलाय हेही त्यातच आलं. (2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, गुजरातने त्याच वर्षी घोळीला. दोन्ही राज्यांचा समुद्र एकच, दोन्ही मासे सीमारेषा ओळखत नाहीत. दोन मान मिळाले, एकत्र नियम अजून नाही.)

शिंगाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तो अंडी समुद्रात सोडत नाही. मादीने दिलेली सुपारीएवढी अंडी नर तोंडात धरतो, पिल्लं फुटून फिरायला लागेपर्यंत काही खात नाही. अशा नरांचे थवे पाण्याच्या वरच्या थरात एकत्र असतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन आली आणि नेमके हेच थवे वेढले गेले. डेकवर माशांइतकाच अंड्यांचा खच पडायचा, हे मंगळूरकडच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच नोंदवलं आहे. काही वर्षांत तिकडचा शिंगाळा बसला. त्याला किमान माप लावून काय उपयोग होता? ते नर पुरेसे मोठेच होते. तिथे महिना आणि जागा बंद करायला हवी होती, बाकी काही चाललं नसतं.

आणि तारली. केरळमध्ये 2012 साली जवळपास 4 लाख टन उतरली होती, 2021 मध्ये 3,297 टन. त्यात पिल्लांचा उपसा होता, एल निन्योने तापलेलं पाणी होतं, पावसाळ्यात वर येणाऱ्या थंड पाण्याचं आणि त्यातल्या खाद्याचं बिघडलेलं वेळापत्रकही होतं. केरळने 2015 मध्येच तारलीसाठी 10 सेंटिमीटरची मर्यादा आणली होती, ती पुरली नाही. पाणी बिघडलेल्या वर्षी नेहमीइतकाच उपसा हा जास्तीचा उपसा असतो, हे कोणत्याही एका जातीच्या ठरावीक आकड्यात बसत नाही.

आपल्याकडे एकूण उत्पादनाचा आकडा सांगून विषय संपवायची सवय आहे. केंद्राच्या 2018 च्या अंदाजात भारताच्या सगळ्या सागरी क्षेत्राची क्षमता 53.1 लाख टन. महाराष्ट्रात 2019 मध्ये सुमारे 2 लाख टन मासळी उतरली, ती 45 वर्षांतली नीचांकी होती. त्या वर्षी वादळांनी बोटी किती दिवस बांधून ठेवल्या ते तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळा दोष समुद्राच्या माथी मारू नका. पुढे आकडा वर गेला तरी खूश होऊ नका. त्या टनांत घोळ किती आणि बारीक मिसळ मासळी किती, हे बघितल्याशिवाय टन काहीच सांगत नाहीत.

एकूण आकड्याचा चांगला उपयोग मी एकाच ठिकाणी पाहिला. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात तळाच्या सगळ्या जाती मिळून वर्षाला 20 लाख टनांच्या वर जायचं नाही, असा माथ्यावरचा आकडा ऐंशीच्या दशकापासून कायम आहे. जातवार शास्त्रीय शिफारशींची बेरीज कित्येकदा त्याहून जास्त येते. तरी तिथली परिषद बसते आणि कोणत्या जातीचा कोटा किती कापायचा ते भांडून ठरवते. वरून, जे लहान मासे इतरांचं खाद्य आहेत त्यांची लक्ष्य धरून मासेमारी तिथे 1998 पासून बंदच आहे. कोटे नकोत म्हटल्यावर आपण यातलं काय घ्यायचं? माथ्यावरचा आकडा. फक्त टनांचा नको, बोटींचा, अश्वशक्तीचा आणि समुद्रावरच्या दिवसांचा घ्यायचा. आस मोठा केला आणि इंजिन दुप्पट केलं, तर फायदा धुऊन जातो. परवान्यांची संख्या गोठवणं, 2016 चे पर्ससीनवरचे निर्बंध, 2017 ची एलईडी मासेमारीवरची (दिव्यांच्या उजेडाने मासा गोळा करण्यावरची) केंद्राची बंदी, हे सगळं त्याच दिशेचं आहे. अंमलबजावणी कशी होते ते तुम्हाला माझ्याहून जास्त दिसतं. रात्री समुद्राकडे पाहिलं की उजेड दिसतोच.

पावसाळी बंदीबद्दल दोन वाक्यं. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस सगळ्या जातींच्या विणीचे नाहीत, आणि तसा दावा करायची गरजही नाही. बंदीचं बळ असं की ती जात बघत नाही, सगळ्या समुद्राला एकदम उसंत देते. परिसंस्थेचा नियम आपल्याकडे एक तरी आहे तो हाच, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न घालणाऱ्यांना तो शिकवावा लागला नाही. मात्र 1 ऑगस्टला एकाच सकाळी सगळे ट्रॉलर तुटून पडतात, तेव्हा जून-जुलैत वाढलेली पिल्लं पहिल्या पंधरवड्यातच उचलली जातात. बंदी वाढवा म्हणण्यापेक्षा उघडण्याचा क्रम लावा, असं माझं मत आहे. गिलनेट (पाण्यात उभं सोडायचं, मासा अडकवणारं जाळं) आधी, ट्रॉल मागून. पापलेटच्या मोठ्या आसाच्या जाळ्यात एका ठरावीक मापाचाच मासा अडकतो, पिल्लू पार होतं. त्या जाळ्याला पहिली संधी मिळाली तर कुणाचं फार बिघडत नाही, ट्रॉलवाल्यांचं सोडून. ते ओरडतील, आणि त्यांच्या कर्जाचा हप्ता खरा आहे, हेही धरून चाला.

आता सोसायटी. तुमच्याकडे कव, म्हणजे खुंट ठोकून डोल बांधायची ठरलेली जागा आहे, आणि त्याची किंमत तुम्हाला कळत नाही असं मला वाटतं. कुणाची डोल कुठे लागणार हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेलं आहे. जागेवरचा हक्क असल्याशिवाय जागेचं नियोजन होत नाही. आम्ही कार्यशाळांत जे 'क्षेत्रीय व्यवस्थापन' म्हणून नकाशांवर रंगवतो, ते तुमच्याकडे खुंटांनी ठोकलेलं आहे. त्याचंच दुसरं टोक म्हणजे पालघर-डहाणूसमोर कवी मारण्यावरून वसई-उत्तनचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूचे गिलनेटवाले यांच्यातलं जुनं भांडण. लोक त्याला हद्दीचं भांडण समजतात. मला ते बहुप्रजातीचंच भांडण दिसतं: एकाच्या बोंबील-जवळ्याच्या जाळ्यात दुसऱ्याच्या उद्याच्या पापलेटची पिल्लं जातात. हे टेबलावर मांडून बोलणी केली, तर अंतरापेक्षा महिन्यांवर तोडगा निघण्याची शक्यता जास्त आहे.

म्हणून पहिलं काम असं करा. बंदीच्या दिवसांत, सगळे घरी असताना, डोलीचे आणि ट्रॉलचे जुने तांडेल एकत्र बसवा. समोर समुद्राचा नकाशा पसरा आणि एकच विचारा: पापलेटची पिल्लं कोणत्या महिन्यात, किती वावावर (खोलीवर), कोणत्या बाजूला सर्वांत जास्त लागतात? वाद होईल. पण दोन-तीन जागा आणि दोन-तीन पंधरवडे असे निघतील ज्यांवर कुणाचा वाद नसेल. तेवढ्या जागी, तेवढ्या दिवसांपुरता, बारीक खोळा न लावण्याचा ठराव करा. सबंध डोल बंद करू नका. जवळा वाळवून विकणाऱ्या बायकांचं वर्ष त्यावर चालतं, आणि त्यांना न विचारता केलेला ठराव पहिल्या उधाणाला मोडेल. त्यांना बैठकीत बसवा. माल हातात घेऊन निवडणाऱ्या त्याच असतात, पिल्लू कधी वाढलं आणि कधी घटलं हे त्यांना तांडेलांच्या आधी कळतं.

कासव, देवमुशी किंवा डॉल्फिन जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडा आणि राज्याच्या योजनेतून भरपाई मागा. 2018 च्या अखेरीपासून 25 हजार रुपयांपर्यंत ती मिळू शकते, मात्र सुटकेचे फोटो लागतात. हा मुद्दा नुसता दयेचा नाही. ट्रॉलच्या जाळ्याला कासव सुटण्याची सोय नाही म्हणून अमेरिकेने 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं आहे. एका प्राण्यासाठी समुद्रातल्या सगळ्या कोळंबीचा तो बाजार गेला.

खाडीचं फार लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. कोळंबीचं बाळपण तिवरांच्या मुळांत जातं. तिथे भराव पडला तर बाहेर कितीही चौकोनी आस लावा.

दुसरं काम वहीचं. आठवड्यातून एकदा, न निवडलेल्या ढिगातून एक टोपली उचलायची, निवडणाऱ्यांचा हात लागण्याआधी. जाती वेगळ्या करायच्या, वजन लिहायचं, पापलेट, बोंबील, वाकटी आणि घोळ एवढ्यांचीच लांबी मोजायची. पापलेट थोबाडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजा, किंवा शेपटीच्या टोकापर्यंत, पण एकदा ठरवलं की तेच. तारीख, भरतीचा दिवस, पाण्याची खोली, जाळं आणि आस लिहा. महिन्यातून एकदा पाच-सहा बोंबलांची पोटं चिरून आत काय आहे तेही लिहा, शाळेतल्या मुलांना हे काम आवडतं. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतल्या किंवा सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या) मुंबई केंद्रातल्या लोकांना ही वही दाखवा, असा माल त्यांच्याकडे सहसा एवढ्या जवळून येत नाही.

वहीत रिकाम्या फेऱ्याही लिहा. डोल लावली आणि काही आलं नाही, ट्रॉल दोन तास ओढला आणि चार किलो निघालं, असे दिवस कुणी नोंदवत नाही. पण किती वेळ जाळं पाण्यात होतं हे माहीत नसेल, तर मिळालेल्या मासळीला भागायचं कशाने हेच कळत नाही, आणि दोन वर्षांनी मासा घटला की बोटी घटल्या यावर पुन्हा तेच भांडण होतं.